विश्लेषण : सकाळी फिरून आल्यावर दिवसभर बसले तर बिघडते काय? निरोगी म्हातारपणासाठी हालचाल किती आणि कशी हवी?

पहाटे बागेत चार फेऱ्या, आल्यावर चहा आणि वर्तमानपत्र, नाष्ट्यानंतर मोबाइल, दुपारी वामकुक्षी आणि संध्याकाळपासून जेवणापर्यंत मालिका व बातम्या. निवृत्तीनंतर शहरातल्या अनेक घरांत दिवस असाच जातो. व्यायामाचे काम सकाळीच उरकले, आता दिवसभर बसायला हरकत नाही, अशी समजूत त्यामागे असते. गेल्या काही वर्षांतील संशोधनाने या समजुतीला धक्का दिला आहे. सकाळचे फिरणे उपयोगाचे आहेच, पण उरलेले तेरा-चौदा तास कसे जातात, यावरही म्हातारपण कसे जाणार हे बऱ्याच अंशी ठरते, असे हे संशोधन सांगते. भारतात साठीपुढच्यांची संख्या वेगाने वाढत असताना या प्रश्नाकडे बारकाईने पाहायला हवे.

व्यायाम न करणे आणि बसून राहणे यांत फरक काय?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल झाली नाही, तर ती व्यक्ती ‘अपुरी सक्रिय’ मानली जाते. मध्यम श्रम म्हणजे ज्यात बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागतो. झपझप चालणे हे त्याचे सोपे उदाहरण. बैठेपणा म्हणजे जागेपणी बसून, रेलून किंवा आडवे पडून घालवलेला असा वेळ, ज्यात शरीराला जवळपास काहीच ऊर्जा खर्च करावी लागत नाही. रोज सकाळी अर्धा तास चालणारी व्यक्ती पहिल्या कसोटीला उतरते. पण तीच व्यक्ती नंतर दहा तास खुर्चीत असेल, तर दुसऱ्या कसोटीत नापास होते.

हा विचार अगदी नवा नाही. लंडनमधील जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दुमजली बसगाड्यांच्या चालक-वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर स्टिअरिंगमागे बसणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून वर-खाली करत तिकिटे फाडणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बरेच कमी आढळले. वाहक कामाच्या आधी किंवा नंतर वेगळा व्यायाम करत होते, असे नव्हे. त्यांचे कामच त्यांना हलते ठेवत होते. मात्र बैठेपणा कमी करण्याचा स्पष्ट सल्ला जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत यायला २०२० साल उजाडावे लागले.

भारतात परिस्थिती कशी आहे?

‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २००० साली भारतातील सुमारे २२ टक्के प्रौढ अपुरे सक्रिय होते. २०२२ मध्ये हे प्रमाण ४९ टक्क्यांच्या पुढे गेले. जगाची सरासरी ३१ टक्के आहे. हाच कल राहिला तर २०३० पर्यंत भारतातील प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात जाईल. स्त्रियांमध्ये ते आजच ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा एक भाग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड यांचा समावेश होता. शहरांतील ६५ टक्के आणि ग्रामीण भागातील ५० टक्के लोक निष्क्रिय गटात मोडले. मोकळ्या वेळेत खेळ, फिरणे किंवा व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे आपल्याकडे हालचाल होते ती मुख्यतः कामातून. काम सुटले की हालचालही सुटते. निवृत्ती हा म्हणूनच धोक्याचा टप्पा ठरतो.

गावातही चित्र बदलते आहे. घरात नळ आला, दळण गिरणीत गेले, पाटा-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली, शेतावर जायला दुचाकी आली. ही प्रगतीच आहे आणि ते कष्ट परत आणा, असे कोणी म्हणणार नाही. पण त्या कष्टांबरोबर दिवसभराची जी हालचाल गेली, तिची जागा कशानेही भरली नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार, भारतात २०२२ मध्ये साठीपुढील लोकांची संख्या सुमारे १४.९ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या साडेदहा टक्के होती. २०५० पर्यंत ती ३४.७ कोटींवर, म्हणजे जवळपास २१ टक्क्यांवर जाईल. या वाढीव आयुष्यातली किती वर्षे स्वतःच्या पायांवर जाणार, हा खरा प्रश्न आहे.

बसण्याचा म्हातारपणाशी संबंध कसा जोडला गेला?

अमेरिकेतील परिचारिकांच्या आरोग्याचा अनेक दशके मागोवा घेणारा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यातील पन्नाशी ओलांडलेल्या ४५ हजारांहून अधिक स्त्रियांची १९९२ पासूनची वीस वर्षांची माहिती तपासून ‘जामा नेटवर्क ओपन’ने जून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ किती जगल्या एवढेच येथे पाहिले नव्हते. सत्तरी गाठताना अकरा मोठे आजार नसणे, हिंडण्या-फिरण्यात अडचण नसणे, स्मरणशक्ती शाबूत असणे आणि मानसिक स्वास्थ्य चांगले असणे, या चारही अटी पूर्ण झाल्या तरच त्याला ‘निरोगी वार्धक्य’ म्हटले. या कसोटीला नऊ टक्क्यांहूनही कमी स्त्रिया उतरल्या.

दिवसाकाठी टीव्हीसमोर बसण्याचा वेळ दोन तासांनी वाढला, की निरोगी वार्धक्याची शक्यता १२ टक्क्यांनी घटलेली दिसली. उलट, कामाच्या ठिकाणी उभे राहणे, ये-जा करणे अशी हलकी हालचाल दोन तासांनी वाढली, तर ती शक्यता ६ टक्क्यांनी वाढली. टीव्हीचा एक तास घरातल्या हलक्या कामांना दिला तरी फायदा दिसला. घाम गाळणाऱ्या व्यायामाचा फायदा अर्थातच अधिक होता. पण घरात इकडून तिकडे करणेही फुकट जात नाही, ही यातली महत्त्वाची बाब.

स्मरणशक्तीबाबतही असेच संकेत आहेत. ब्रिटनमधील साठीपुढच्या सुमारे ५० हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारे उपकरण बांधून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला दहा तासांहून अधिक बैठेपणा असणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका झपाट्याने वाढताना दिसला. त्याआधीच्या एका ब्रिटिश अभ्यासात टीव्ही पाहणे या धोक्याशी जोडलेले, तर संगणकावर काम करणे धोका कमी असण्याशी जोडलेले आढळले. बसून डोके चालवणे आणि बसून नुसते पाहत राहणे यांत फरक असावा, असे यातून दिसते.

येथे एक खबरदारी हवी. हे सारे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. ज्यांची तब्येत आधीच खालावली आहे, ते जास्त बसतात, असेही असू शकते. संशोधक आकडेमोडीत ही शक्यता वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण ती पूर्णपणे पुसता येत नाही. अमेरिकी परिचारिकांचे आकडे कोल्हापूर किंवा अकोल्याला जसेच्या तसे लागू करणेही योग्य नाही. दिशा मात्र वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत एकच दिसते.

बसून राहिल्यावर शरीरात काय घडते?

मांड्या आणि कुल्ले यांचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठे. ते आकुंचन पावतात तेव्हा रक्तातील साखर शोषून घेतात. जेवणानंतर आपण खुर्चीत रुतलो, की हे स्नायू जवळपास बंद पडतात आणि साखर रक्तात अधिक वेळ रेंगाळते. पोटऱ्यांचे स्नायू पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तेही थंडावले की पायांना सूज येते. मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असलेल्या देशात यातला पहिला मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

वयानुसार स्नायू झिजतातच, साठीनंतर तर अधिक वेगाने. न वापरल्याने ही झीज किती वाढते, याचे दोन प्रयोग बोलके आहेत. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढत्या वयामुळे तीस वर्षांत जितकी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने घटली होती. दुसऱ्या प्रयोगात साठीपुढच्या निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो स्नायू कमी झाले.

एरवी ठणठणीत असलेले आजोबा तापाने आठ-दहा दिवस झोपून राहिले आणि त्यानंतर त्यांना जिना चढवेना, हा अनेक घरांतला अनुभव आहे. ‘आजाराने खचले’ असे आपण म्हणतो. त्यात आजाराइतकाच वाटा अंथरुणाचाही असू शकतो.

मग सकाळची फेरी वाया जाते का?

अजिबात नाही. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण ‘द लॅन्सेट’ने २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांनीही ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल केली, तर बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास नाहीसा होतो, असे त्यात दिसले. तास-सव्वा तास दमदार चालणारी व्यक्ती बरीच सुरक्षित आहे. पण बागेत गप्पा मारत, मध्ये बाकावर टेकत काढलेली वीस मिनिटे म्हणजे सव्वा तास नव्हे. तासभर टीव्हीऐवजी पाच तास टीव्ही असेल, तर हे संरक्षणही अपुरे पडते, असे त्याच विश्लेषणात दिसून आले.

‘बीएमजे’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या विश्लेषणात उपकरणांनी मोजलेली माहिती वापरली होती. सहभागींचे सरासरी वय साठीच्या पुढे होते. त्यात दिवसाला साडेनऊ तासांपेक्षा अधिक बैठेपणा असेल तर मृत्यूचा धोका ठळकपणे वाढताना आढळला. तर कोणत्याही तीव्रतेची हालचाल, अगदी हलकीसुद्धा, धोका कमी असण्याशी जोडलेली दिसली.

बसणे मध्येच तोडण्याचाही स्वतंत्र उपयोग आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या २०२३ मधील प्रयोगात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे सावकाश चालल्यावर जेवणानंतर रक्तातील साखरेची उसळी निम्म्याहून अधिक कमी झाली आणि रक्तदाबही उतरला. प्रयोग जेमतेम अकरा जणांवरचा होता, त्यामुळे ‘अर्धा तास’ आणि ‘पाच मिनिटे’ हा काही अखेरचा शब्द नाही. मात्र बसणे मध्ये-मध्ये मोडल्याने साखर कमी वाढते, हे इतर प्रयोगांतही दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही किती तास बसावे याची मर्यादा घातलेली नाही. बसणे कमी करा आणि त्या जागी कोणतीही हालचाल आणा, एवढेच ती सांगते.

दहा हजार पावले चालायलाच हवीत का?

हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. जपानमधील एका कंपनीने १९६५ मध्ये पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. जाहिरातीतला हा गोळाबेरीज आकडा पुढे मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये आणि मनगटी घड्याळांत जाऊन बसला.

सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. फायदा वाढत वाढत साडेसात हजारांच्या आसपास स्थिरावला. पंधरा अभ्यासांच्या २०२२ मधील एकत्रित विश्लेषणात साठीपुढच्यांसाठी ही पातळी सहा ते आठ हजार पावलांदरम्यान दिसली. २०२५ मधील आणखी एका मोठ्या आढाव्यात दोन हजार पावलांच्या तुलनेत सात हजार पावलांवर मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी आढळला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. जो सर्वांत कमी हलतो, त्याला थोड्याशा वाढीचाही मोठा फायदा मिळतो. आणि दहा हजार जमत नाहीत म्हणून चालणेच सोडून देणे, हा सर्वांत तोट्याचा व्यवहार आहे.

फक्त चालणे पुरेसे आहे का?

म्हातारपणी परावलंबन अनेकदा एका पडण्याने सुरू होते. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि तिथून पुढे माणूस घराबाहेर पडत नाही. चालण्याने हृदय आणि फुप्फुसे सांभाळली जातात. तोल आणि ताकद मात्र वेगळी कमवावी लागते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालींबरोबर तोल व ताकद वाढवणारे व्यायाम किमान तीन दिवस करायला सांगते.

ताकदीचा अंदाज घरीच घेता येतो. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, दोन्ही हात छातीवर आडवे धरावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या कोष्टकानुसार, ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा आणि स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक समजावा. ही चाचणी घेताना शेजारी कोणीतरी असावे. हीच कृती दिवसातून दोन-तीनदा केली तर तोच व्यायामही होतो.

आपल्याकडची एक जुनी सवय येथे आठवते. जमिनीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पाटावरून उठणे यात गुडघे, घोटे आणि मांड्यांना दिवसातून अनेकदा काम मिळत असे. टांझानियातील हादझा या शिकारी समाजाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसेही दिवसाचे नऊ-दहा तास विसावलेली असतात, पण त्यातला बराच वेळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसून जातो. अशा बसण्यात पायांचे स्नायू खुर्चीपेक्षा जास्त जागे राहतात, असे मोजमापात दिसले. ज्यांना आजही जमिनीवर बसता-उठता येते, त्यांनी ती सवय सोडू नये. मात्र ज्यांचे गुडघे झिजले आहेत किंवा ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी हट्टाने मांडी घालण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी खुर्चीवरून हातांच्या आधाराशिवाय उठणे पुरेसे आहे.

आता या वयात ताकद काय वाढणार, असे वाटणाऱ्यांसाठी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला बोस्टनचा प्रयोग आहे. वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

घरच्यांची भूमिका काय?

‘तुम्ही बसा, मी आणतो’, ‘आयुष्यभर कष्ट केलेत, आता आराम करा’, ही वाक्ये आपल्याकडे आदराने आणि मायेने बोलली जातात. आजींनी पाणी मागायच्या आत सून तांब्या पुढे करते, आजोबांना दूध आणायला जाऊ दिले तर शेजारी काय म्हणतील, असे मुलाला वाटते. पण उठण्याचे प्रत्येक कारण काढून घेतले, की उठण्याची क्षमताही हळूहळू जाते. वृद्धांना कामाला जुंपावे, असा याचा अर्थ नाही. जे त्यांना जमते आणि आवडते, ते त्यांच्या हातून काढून घेऊ नये, एवढेच.

यात स्त्री आणि पुरुष यांचे चित्र वेगळे आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. कार्यालयातून निवृत्त झालेल्या पुरुषाच्या हाताला घरात कामच नसते आणि त्याचा दिवस एकदम खुर्चीत जातो. घरकामात वाटा उचलणे हे त्याच्या तब्येतीसाठीही हिताचे आहे. स्त्रीचे घरकाम सुटत नाही, पण त्यातले बरेचसे ओट्यापाशी एका जागी उभ्याने होते. त्यात ना दम लागतो, ना ताकद वाढते. ‘दिवसभर राबते, आणखी व्यायाम कशाला’ हा युक्तिवाद म्हणून पुरा पडत नाही. तिला स्वतःसाठी बाहेर पडायला अर्धा तास मिळणे, हा घरातल्या इतरांनी काम वाटून घेण्याचा प्रश्न आहे.

दिवसात पेरता येतील अशा गोष्टी साध्याच आहेत. मालिकेतील जाहिरात लागली की उठून घरात एक चक्कर मारावी. फोनवर बोलताना फिरावे. पाण्याची मोठी बाटली शेजारी ठेवण्याऐवजी प्रत्येक वेळी उठून पेला भरून घ्यावा. कुंड्यांना पाणी घालणे, कपडे वाळत घालणे, नातवंडाला बसथांब्यापर्यंत सोडणे ही कामे मागून घ्यावीत. दोन्ही वेळच्या जेवणानंतर दहा मिनिटे शतपावली करावी. ओट्याचा कठडा धरून टाचा उचलणे, एका पायावर काही क्षण उभे राहणे हे चहा उकळेपर्यंत होते.

सगळे माणसाच्या इच्छाशक्तीवर सोडता येईल का?

नाही. चालायला जागा लागते. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत ३२ हजारांहून अधिक पादचाऱ्यांचा बळी गेला. रस्ते अपघातांतील दर पाच मृतांमागे जवळपास एक पायी चालणारा होता. भारतीय रस्ते परिषदेच्या निकषांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. प्रत्यक्षात पदपथावर दुचाक्या, विजेचे डबे, टपऱ्या आणि उखडलेल्या फरशा असतात. तिशीतला माणूस रस्त्यावर उतरून पुढे जातो. पंचाहत्तरीतल्या व्यक्तीसाठी तो फूटभर उंचीचा कठडाच घरात बसण्याचे कारण ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले, ते या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे आहे.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. त्या एका दिवशी रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालणारे ज्येष्ठ दिसतात. उरलेल्या दिवसांत त्यांना काय मिळते, ही धोरणाची खरी परीक्षा आहे.

केंद्राने २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू केली आणि ६५ वर्षांपुढील लोकांसाठी तंदुरुस्तीची वेगळी नियमावलीही काढली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. खुब्याचे हाड मोडल्यावर होणारा खर्च सरकार उचलेल. ते मोडू नये यासाठी लागणारा सपाट पदपथ, बागेतला बाक आणि स्वच्छ सार्वजनिक स्वच्छतागृह ही जबाबदारी मात्र महापालिका आणि नगरपालिकांची आहे. तिच्याकडे आरोग्यावरचा खर्च म्हणून क्वचितच पाहिले जाते. स्वच्छतागृह नसले तर अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, बाहेर पडणेच टाळतात.

सुरुवात करताना काळजी कोणी घ्यावी?

हळूहळू चालणे किंवा घरात उठ-बस वाढवणे बहुतेकांसाठी सुरक्षित आहे. मात्र हृदयविकार असलेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, वारंवार पडणाऱ्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे झटकन उभे राहिल्यावर चक्कर येते. अशांनी उठण्यापूर्वी पाय हलवावेत, क्षणभर कडेवर बसावे आणि मग उभे राहावे. चालताना छातीत दुखणे किंवा दडपण येणे, एरवीपेक्षा फार धाप लागणे, भोवळ येणे ही थांबून लगेच वैद्यकीय मदत घेण्याची लक्षणे आहेत. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात सकाळी लवकर किंवा घरातच फेऱ्या मारणे योग्य. गुडघेदुखी असेल तर पूर्ण विश्रांतीने सांध्याभोवतीचे स्नायू आणखी दुबळे होतात. त्यामुळे फिजिओथेरपिस्टकडून झेपतील असे व्यायाम शिकून घ्यावेत.

ज्यांची सकाळची फेरी चालू आहे त्यांनी ती चालूच ठेवावी. त्यांच्यासाठी पुढची पायरी एवढीच की, घरी परतल्यावर संध्याकाळपर्यंत आपण किती वेळा उठलो, हे एक दिवस मोजून पाहावे. बहुतेकांच्या बाबतीत सुधारणेला सर्वाधिक वाव तिथेच सापडेल.